पाण्याचा काटा आणि नानांचा तळहात

आजकालच्या गाड्यांत पाण्याचा काटा नसतो, याचा मला मनापासून राग येतो. परवा माझा भाचा नवी कोरी गाडी दाखवायला घेऊन आला. आत बसवलं, गार हवा सोडली, पडद्यावर बोट फिरवून गाणी लावली. मी विचारलं, इंजिन किती तापलंय ते कुठे दिसतं? तो हसला. म्हणाला, आत्या, फार तापलं की लाल दिवा लागतो, आपण कशाला डोकं घालायचं. म्हणजे दूध उतू जाऊन शेगडी विझली, की मग घरच्यांना कळवायचं. मी तोंड आवरलं, कारण बिचाऱ्याने पेढे आणले होते. पण जळगावात वैशाख चालू आहे, दुपारी मेहरूणच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि असल्या उन्हात माणसं काट्याशिवाय गाडी हाकतात म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याने तो वैशाख पाहिलेला नाही. मी पाहिलाय. अजूनही ऊन असं चढलं की तापलेला पत्रा, पेट्रोल आणि गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, असा तिन्हींचा मिळून एक वास मला येतो. घरात आता ना पेट्रोल असतं ना बिबडे. तरी येतो.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. परीक्षा संपल्या होत्या, मुलं गावोगाव पांगली होती, आणि माझ्यापुढे दीड महिन्याची मोकळी सुट्टी होती. गल्लीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या जणी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या. लिंबांना झोके टांगलेले, घरोघर खापरावर पुरणपोळ्या, आमरसाची पातेली. सासरहून आलेल्या मैत्रिणी झोक्यावरून ओरडून विचारायच्या, नलू, तुझं कधी? आणि मी कोपरापर्यंत ग्रीस माखून गॅरेजमधून घरी जेवायला चाललेली असायचे. मी सांगायचे, आधी घाट चढते, मग बघू. त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय.

गॅरेज माझ्या वडिलांचं, पारोळा रोडवर. त्यांना आम्ही नाना म्हणायचो, आणि गिऱ्हाइकंही नानाच म्हणायची. नानांची सगळी प्रतिष्ठा त्यांच्या उजव्या तळहातात होती. कोणी गाडी आणली, तापते म्हणून तक्रार केली, की नाना बॉनेट उघडायचे, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. चार-पाच श्वास. मग निकाल. "चाली जाई," म्हणाले की माणूस निर्धास्तपणे गाडी काढून थेट सेंधव्यापर्यंत जायचा. मान हलवली की गाडी थांबली. मालेगावपासून पारोळ्यापर्यंतचे ट्रकवाले त्या हातासाठी वाट वाकडी करून यायचे. मी लहान असताना मला वाटायचं, तो हात देवानेच वेगळा बनवून दिलाय. मी फिजिक्स शिकले त्याचं मूळही तिथेच असावं. नानांना जे हाताने कळतं ते आकड्यात कसं धरायचं, हे मला हवं होतं.

त्या वर्षी चैत्रात मात्र एक वाईट गोष्ट घडली. पारोळ्याचा एक टॅक्सीवाला वऱ्हाडी घेऊन शिरपूरला निघाला होता. नानांनी हात लावला, चाली जाई म्हणाले, आणि सोनगीरच्या अलीकडे त्याचं इंजिन जाम झालं. भर उन्हात वऱ्हाड रस्त्यावर. नाना म्हणाले, त्याने वाटेत पाणी पाहिलं नसेल. मीही तेच मानलं. मानायला सोपं होतं.

आता मामांकडे येते, कारण हे सगळं सुरू केलं त्यांनीच. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जळगावला मेहरूणमध्ये घर, तापीकाठी केळीची बाग आणि डोक्यात वेगाचं वेड. त्यांनी जुनी चार दारांची पेट्रोल गाडी घेतली आणि तिचं इंजिन पुण्याच्या एका माणसाकडून बनवून आणलं. हेड घासून पातळ केलेलं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर, म्हणजे जोर जास्त आणि तापणंही जास्त. मामी म्हणायची, ही गाडी सुरू झाली की तलावावरचे बगळे उठतात. त्या मे महिन्यात हौशी मोटारवाल्यांच्या एका मंडळाने लळिंगच्या घाटात चढाची शर्यत ठेवली होती. सकाळी वाहतूक अडवून एकेक गाडी सोडायची, कमीत कमी वेळात वर जाईल ती पहिली. मामांनी नाव दिलं. आणि आठवड्याभरात, मजुरांना जोर दाखवायला केळीचा घड एकट्याने उचलला आणि कंबर धरून बसले. वैद्याने महिनाभर पाठीवर झोपायला सांगितलं. मामांनी अंथरुणावरून निरोप पाठवला की गाडी धुळ्याला येतेय, नलू चालवील, तिच्याइतकी कोणाला जमणार आहे. सोबत तीन गोल घड्याळं पाठवली, मुंबईच्या बाजारातून आणलेली. एक तेलाच्या दाबाचं, एक बॅटरीच्या करंटचं आणि एक पाण्याच्या उष्णतेचं. असलं इंजिन काट्यांशिवाय घाटात नेऊ नका, असं त्यांना त्या पुण्याच्या माणसाने बजावलं होतं.

नानांनी ती घड्याळं हातात घेऊन उलटसुलट केली आणि फळीवर ठेवून दिली. आपल्या हयातीत आपण कुठल्या गाडीला घड्याळ लावलं नाही, एवढंच म्हणाले. मग मीच बसवायला घेतली. आईच्या स्वयंपाकघरातली चटणीची वाटी आणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल आखले. गोलाच्या कडेने बारीक भोकं पाडली, मधला तुकडा ठोकून काढला आणि दोन दिवस कानस घासत बसले. ती वाटी आईने परत घेतली नाही, ती गॅरेजचीच झाली. तेलाच्या घड्याळाला तांब्याची बारीक नळी असते, तिच्यातून इंजिनाचं तेल थेट आत येतं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा माझा नट ढिला राहिला आणि कोमट तेल माझ्या सलवारीवर. नाना तेव्हा मनापासून हसले. मग एक फडकं माझ्याकडे फेकलं.

पाण्याच्या घड्याळापाशी मात्र आमची जुंपली. त्याच्या मागून एक लांबलचक बारीक नळी निघते, टोकाला पितळी कांडी. कांडी इंजिनाच्या पाण्यात बुडवायची. नळी गरजेपेक्षा तीन हात जास्त होती. नानांचा वायरिंगचा कटाक्ष साऱ्या धुळ्याला माहीत. एक वेटोळं लोंबलेलं त्यांना खपायचं नाही, मापात कापून टाकायचे. त्यांनी सवयीने पक्कड उचलली आणि मी त्यांचं मनगट धरलं. ती वायर नव्हती. तिच्यात द्रव कोंडून बंद केलेला असतो, तो तापला की फुगतो आणि काटा ढकलतो. कापली की घड्याळ मेलंच. मी हे सगळं धडा शिकवल्यासारखं बोलले, तेही दोन गिऱ्हाइकांसमोर. नानांनी पक्कड खाली ठेवली. उरलेल्या नळीचं वेटोळं करून मी ते पट्टीमागे सुतळीने बांधलं, आणि पुढचे दोन दिवस नाना त्या वेटोळ्याकडे, शेजारणीने आपल्या दारात टाकलेल्या कचऱ्याकडे बघावं तसे बघत होते.

त्यांची अट साधी होती. घाट तीनदा चढून दाखव. वर पोचलीस की मी हात लावीन. माझा हात हो म्हणाला तर शर्यतीला जा, नाहीतर गाडी जळगावला परत.

मला जायचंच होतं. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हौस म्हणून जायचं नव्हतं. मला आयुष्यात पहिल्यांदा अशी एक गोष्ट दिसली होती जी मला नेमकी येत होती. तेल किती, ठिणगी किती, वळणावर गिअर कुठे उतरवायचा. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, कुठेच मी अशी सरळ उभी राहिले नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळीच चढलो. मी चालवत होते, नाना शेजारी. निम्म्या घाटात काटा पंच्याण्णववर. तीन वळणं पुढे शंभर. माथ्यावर पोचलो तेव्हा एकशे पाच, आणि मला स्टीअरिंगमधून इंजिनाची कुरकुर कळत होती. मी गाडी बाजूला घेतली. नाना उतरले, बॉनेट उघडलं, टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले. 

"बठ्ठं ठीक शे," नाना म्हणाले.

मी म्हटलं, नाना, काटा एकशे पाचवर आहे. ते म्हणाले, काटा चुकतो, तू नळी कापू दिली नाहीस, गुंडाळून ठेवलीस, त्याने घोळ झालाय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काटा वर आणि नानांचा हात हो म्हणतोय.

माझा फायदा कशात होता ते बघा. हातावर विश्वास ठेवला की मी शर्यतीला मोकळी. काट्यावर ठेवला की गाडी परत. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, जा, मी परवानगी दिली. आई खूश, मामांना निरोप गेला, आणि मी परसात जाऊन दगडावर बसले. मला सोनगीरच्या अलीकडे उन्हात उभे राहिलेले वऱ्हाडी आठवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ कांडीसकट काढलं आणि नानांना म्हटलं, माझ्याबरोबर कॉलेजात चला, याची परीक्षा घेऊ. खोटं निघालं तर अडकित्त्याने नळी कापून टाकीन, शब्द देते.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली प्रयोगशाळा मला फार आवडायची. खिडक्या बंद, बाकांवर धूळ, नळाला तासभर हवाच यायची. नाना टोपी काढून स्टुलावर बसले, साहेबाच्या केबिनमध्ये बसावं तसे ताठ. मी चंचुपात्रात माठातलं पाणी घेतलं, खाली दिवा लावला, एका बाजूने प्रयोगशाळेचा तापमापक सोडला, दुसऱ्या बाजूने ती पितळी कांडी. तापमापक पन्नास, काटा पन्नास. साठ, साठ. सत्तरलाही जोडी जमली. काटा केसाएवढासुद्धा चुकत नव्हता. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी वहीत आकडे लिहायला मान वळवली.

वळून बघते तो नानांनी उजवा तळहात चंचुपात्राला लावलेला. डोळे मिटलेले. त्यांचं ते नेहमीचं, चार-पाच श्वासांचं. काचेत सत्तरच्या वर गेलेलं पाणी. माझा हात त्या काचेला एक क्षण टिकला नसता. मी झडप घालून त्यांचा हात ओढून काढला. तळवा लालभडक झाला होता.

"कोमट शे," नाना म्हणाले.

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तापमापकाकडे, मग आपल्या तळहाताकडे. तो उलटा केला, सुलटा केला. त्या हातावर त्याआधीही दोन फोड मी पाहिले होते आणि वेल्डिंगचे असतील म्हणून सोडून दिले होते. मी मुलगी असून, रोज शेजारी काम करत असून सोडून दिले होते. नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी माठातलं त्यांच्या हातावर ओतत राहिले, माठ संपेपर्यंत. 

आता मलाही साखर आहे. डॉक्टर दर सहा महिन्यांनी माझ्या तळपायाला जाडसर नायलॉनचा दोरा टेकवतात आणि विचारतात, समजतंय का, मावशी? मी डोळे मिटून हो म्हणते किंवा नाही म्हणते. दर वेळी मला त्या स्टुलावर बसलेले नाना दिसतात. त्यांना कोणी असं विचारलंच नव्हतं. हाताला कळेनासं झालंय हे हाताला कसं कळणार? इतकी वर्षं ज्या हाताने खरं सांगितलं, त्याच्यावर संशय कोण घेईल? मी घेतला, आणि त्याचा मला अभिमानही आहे आणि अजून वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

दोन दिवस नाना गॅरेजला आले नाहीत. ओसरीवर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिले. डॉक्टरांनी लघवी तपासून साखर निघाल्याचं सांगितलं, तिनेच हाताची जाणीव गेली म्हणाले आणि गोड बंद केलं. ऐन अखाजीत. आईने आमरसाचं पातेलं गुपचूप शेजारी देऊन टाकलं. बाहेर पोरींचा झोक्यावर कल्ला चालू होता. शर्यतीचा विषय मी काढला नाही. पण सोडलाही नव्हता. रोज सकाळी गॅरेज उघडत होते आणि इंजिन का तापतं ते शोधत होते. रेडिएटर स्वच्छ होता, पंखा चांगला, पट्टा घट्ट.

तिसऱ्या दिवशी नाना आले. सरळ आत गेले आणि माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा डाव्या हाताने काढला. झाकण उघडून माझ्यापुढे ठेवला. आत पितळी झडपा होत्या, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या, चाळीस-पन्नास तरी असतील. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर ही झडप बसलेली असते, पाणी तापलं की उघडते. आमच्याकडे नवी गाडी आली की मेकॅनिक पहिलं काम तिला काढायचं करत. म्हणत, ही थंड मुलखाची भानगड, खानदेशच्या उन्हात हिचं काय काम, वाट मोकळी असली की पाणी जास्त गार. नानांनीही आयुष्यभर काढली. मामांच्या गाडीचीही त्यांनीच काढली होती, पहिल्याच दिवशी, मला न विचारता.

नाना सावकाश बोलले. दोन दिवस बसून विचार केला, म्हणाले. या इंजिनात पाण्याला परतीची एक आखूड वाट आहे. झडप पूर्ण उघडली की ती वाट बुजते. झडपच नसली तर ती उघडीच राहते, आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथूनच परत फिरतं. साध्या गाडीत खपून जातं, पण घासलेल्या हेडचं इंजिन, वर घाट. त्यांनी डब्यातून एक झडप निवडली आणि मला म्हणाले, तुझ्या काचेत उकळून बघ, किती आकड्यावर उघडते. मग लाव.

 माणूस साठीला आलेला, एका हाताला पट्टी, आणि आपल्या हाताने काढलेली गोष्ट आपल्या हाताने परत देतोय. मी फक्त हो म्हटलं. झडप ब्याऐंशीला उघडायला लागली. दुपारपर्यंत ती बसवून आम्ही घाटात गेलो. माथ्यावर काटा त्र्याण्णववर. नाना बॉनेटकडे गेले नाहीत. काट्याकडेच बघत बसले.

शर्यतीच्या दिवशी शेजारी एक माणूस बसवायची मुभा होती. मी कोणाला विचारायच्या आत नाना येऊन बसले, पांढरा स्वच्छ सदरा, टोपी, मांडीवर पट्टीचा हात. लोक हसले. एक बाई चालवणारी आणि शेजारी टोपीवाला म्हातारा, हसणारच. झेंडा पडला आणि मी गाडी सोडली. त्यानंतरचं मला रस्त्यापेक्षा नानांच्या आवाजात आठवतं. मला काट्याकडे बघायला सवड नव्हती, ते वाचून सांगत होते. पंच्याऐंशी. तेल ठीक. अठ्ठ्याऐंशी. खडकाला लागून वळण, दुसरा गिअर, मागची चाकं सरकली, सावरली. नव्वद. मी ठरवलं होतं, शंभरला पोचला की पाय उचलायचा, कोणी काही म्हणो. शेवटच्या चढावर मला तिन्ही दिवसांचा तो एकशे पाचचा आकडा आठवला आणि मी पाय किंचित सैल सोडला.

"पंच्याण्णव," नाना म्हणाले. "चाल माय, दाब."

मी दाबलं. काटा पंच्याण्णववरच राहिला. सात गाड्यांत आमचा नंबर चौथा आला. मामांना अंथरुणावर कळवलं तेव्हा त्यांनी शिव्या दिल्या, कारण आपण असतो तर पहिला आलो असतो, असं त्यांचं ठाम मत शेवटपर्यंत होतं.

सोमवारी सकाळी गॅरेज उघडलं. दोन ड्रायव्हर बाकावर चहा पीत होते, शेजारचा पंक्चरवाला उंबऱ्यात टेकला होता. नानांच्या हाताबद्दल बाहेर कोणाला माहीत नव्हतं. आम्ही घरातल्यांनी भाजल्याचं सांगितलं होतं, आणि मी ठरवून टाकलं होतं की आयुष्यभर एवढंच सांगायचं. तेवढ्यात इंदूरकडे निघालेला एक ट्रक लागला. सरदारजी नानांचे जुने ओळखीचे. त्यांनी बॉनेट उघडून दिलं आणि नेहमीसारखे बाजूला सरकले. नानांचा उजवा हात सवयीने उठला. पट्टी सुटलेली होती, जखमही भरत आली होती, हात टाकीपासून वीतभर अंतरावर गेला. मी जागची हलले नाही. हलले असते तर सगळ्यांना कळलं असतं.

नानांनी हात मागे घेतला. सदऱ्याला पुसला. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"मना हातले आते काही समजत नई. नलूले इचार."

 सरदारजी नानांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला रडू फुटत होतं आणि रडायची ती जागा नव्हती. मी कॉलेजातून आणून फळीवर ठेवलेला तापमापक उचलला, ओढणी कमरेला खोचली आणि ट्रकपाशी जाऊन उभी राहिले. नाना शेजारी येऊन थांबले, आणि रेडिएटरचं झाकण कुठल्या बाजूने उघडायचं ते मला डाव्या हाताने दाखवू लागले.